मीटरबाईचं नाक

पाण्याच्या मीटरचं झाकण उघडायला लोखंडी आकडा लागतो. हातभर लांब, टोकाशी वाकलेला. मीटरबाई तो आकडा सव्वीस वर्षं खांद्याला अडकवून हिंडत होती. तिचे सगळे कपडे डाव्या खांद्यावर आधी विरायचे आणि मग बाकी ठिकाणी.

तिचं काम असं, की दर महिन्याला ठरलेल्या गल्ल्यांत, ठरलेल्या घरांत जायचं, झाकण उचलायचं, काचेवरची माती अंगठ्याने पुसायची, आकडे वहीत उतरवायचे आणि झाकण लावून पुढे जायचं. मीटर नेहमी घराच्या अशा कोपऱ्यात असतो, जिथे घर स्वतःकडे बघत नाही. मोरीमागे, जिन्याखाली, मोडक्या खुर्चीच्या आडोशाला. लोकांच्या दिवाणखान्याशी तिची ओळख नव्हती. त्यांच्या पाठीमागच्या बाजूशी होती.

आणि पाठीमागेच तण उगवतं. जिथे नळाचा सांधा ठिबकतो तिथे केना फोफावतो; तो दिसला की काचेतला काटा बघायच्या आधी ती घरमालकाला सांगायची, “तुमचा वॉशर गेलाय.” तापलेल्या फरशीच्या भेगेत घोळ पसरायची, जाड पानांची, आंबूस. भिंतीच्या सावलीला आंबुशी. केराच्या ढिगाशेजारी चाकवत आणि तांदुळजा. झाकण उचलताना बोटांची सालं निघायचीच. तेव्हा वाटेवरची एकदांडी चुरडून तिचा रस ती जखमेवर पिळायची आणि त्याच हाताने पुढची नोंद करायची. वहीच्या काही पानांवर हिरवट डाग होते. एकदा साहेबांनी विचारलं होतं, हे काय? ती म्हणाली होती, “रक्त नको दिसायला म्हणून.”

घराघरांतून ती परवानगीने पाला खुडायची. पिशवी भरली की वाटेतल्या ओळखीच्यांना जुड्या देत जायची. नियम मात्र कडक. कुत्री तंगडी वर करतात तिथलं घ्यायचं नाही. गटाराच्या पाण्यावर पोसलेलं घ्यायचं नाही. तणनाशक मारलेल्या अंगणातून वर्षभर एक पान उचलायचं नाही. घोळ घेतली तर देठ मोडून बघायचा, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण, फेकून द्यायचं. लोक औषधंही विचारायचे.

“मीटरबाई, गुडघ्याला काही आहे का हो?”

“एरंडाचं पान गरम करून बांधा. उतरलं तर उतरलं, नाहीतर डॉक्टर आहेच. त्यालाही पोट आहे.”

हे सगळं तिला आईने शिकवलं. आई एका वसतिगृहात कपडे धुवायची आणि वाळत घालायच्या मैदानात जे उगवेल ते रात्रीच्या पातेल्यात पडायचं. आईची परीक्षा एकच. पान चुरगाळ, नाकाशी धर, मग जिभेच्या टोकाला लाव, मग थांब. डोळा भोळा असतो, नाक संशयी असतं, असं आई म्हणायची. मुलीचं नाक आईच्याही पुढे गेलं. शेजारच्या घरात डाळ करपायच्या आधी हिला कळायचं. तळहातावर चार पानं चुरगाळून ठेवली, डोळे बांधले, तरी चारही ओळखायची. गल्ल्यांतून तिच्या नाकाचा बोलबाला होता, आणि खोटं कशाला बोला, तिलाही त्याचा थोडा तोरा होता.

ते नाक गेल्या थंडीत गेलं.

आठ दिवस ताप होता. ताप उतरला, तोंडाला चव नव्हती, ती म्हणाली, येईल. तिचा नवरा बुकबाइंडर. घरातच पुढच्या खोलीत त्याचं काम. कणकेची खळ रोज शिजायची. एके दिवशी तो पातेलं घेऊन स्वयंपाकघरात आला.

“अगं, खळ सडलीय. दोन दिवस इथे ओट्याखाली पडलीय. तुला वास नाही आला?”

“आला की,” ती म्हणाली. “तुमच्या धंद्याचाच वास तो. रोज काय बोलायचं?”

हे तिचं पहिलं खोटं. ते इतकं सहज तोंडातून निघालं, की पुढची आपोआप त्याच्यामागे रांगेत उभी राहिली.

ती कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे एकटी गेली. त्याने एकेक बाटली नाकाखाली धरली. कॉफी. लवंग. साबण. प्रत्येक वेळी ती नकारार्थी मान हलवायची. एका बाटलीला म्हणाली, “हे थंड लागतंय.”

“तो वास नव्हे, ती झोंबणी. ती वेगळ्या नसेतून येते.” त्याने बाटलीचं बूच लावलं. “काहींचा वास परत येतो. महिने लागतात. काहींचा येत नाही. रोज चार वासांचा सराव करा. आणि घरात सांगून ठेवा. गॅस गळला तर तुम्हाला कळणार नाही.”

सराव ती करू लागली. सकाळी सगळे उठायच्या आत लवंग, लिंबाची साल, साबणाची वडी आणि गुलाबपाण्याची बाटली घेऊन मोरीत उभी राहायची. चारही वस्तूंना एकच वास होता, कशाचाच नाही. घरात मात्र सांगितलं नाही. हातातून आकडा गळून पडायला लागला असता तर तिने ऑफिसात अर्ज दिला असता. आकडा खात्याचा होता. मीटर खात्याचे, वही खात्याची. नाक कुठल्याच रजिस्टरवर नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

शिवाय डोळे होतेच. चाळीस वर्षं पाहिलेली पानं. ती चुरगाळायची, नाकाशी धरायची, सवयीने, बघणाऱ्यांसाठी, आणि निर्णय डोळ्यांनी करायची. तीन महिने सगळं सुरळीत गेलं. एकदाच पंचाईत झाली. निळ्या फाटकाच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी दुधाचं भांडं पुढे केलं. “मीटरबाई, हुंगून सांग गं. नासलंय का? माझं काही मला कळत नाही.” तिने भांडं नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “चांगलंय.”

मग पंपाचा दिवस आला.

तिच्या फेरीच्या शेवटी पंपघर होतं. तिथे टाकीच्या भिंतीला लागून सावलीचा एक पट्टा होता, कायम ओलसर, आणि त्यात रानलसूण यायची. बारीक, लांब, हिरवीगार पात. पंपवाला तिच्या ओळखीचा. खात्यातलाच माणूस, साठीला टेकलेला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि तो घर सोडून पंपाच्या क्वार्टरमध्ये राहायला आला. येताना बायकोने लावलेल्या लिलीचे कंद त्याने पिशवीत घालून आणले आणि त्याच पट्ट्याच्या कडेला एका ओळीत लावले. फुलं आली की लिली कुठली आणि लसूण कुठली हे आंधळ्यालाही कळलं असतं. फुलं नसताना मात्र पातीला पात, कंदाला कंद. पण त्यात भ्यायचं काय? चुरगाळली की लसूण बोंब मारतेच. गेल्या वर्षी मीटरबाईने तिथून दर मूठ हुंगून घेतली होती.

या वर्षी लिली ओळ सोडून पसरल्या होत्या. ओळ तिला पाठ होती, पसरणं तिला माहीत नव्हतं. तिने ओळीपासून वीतभर अंतर ठेवलं आणि कापायला सुरुवात केली. पात जराशी जाड वाटली. पाणी भरपूर मिळालंय, असं ती स्वतःशी म्हणाली. तीन जुड्या झाल्या. एक तिथेच पंपवाल्याच्या हातात दिली, “घ्या, तुमच्याच दारची.” तो जुडीकडे बघत राहिला, काही बोलला नाही. तो तसाही कमीच बोलायचा. दुसरी परतताना निळ्या फाटकाच्या आजींना. तिसरी घरी.

फेरीच्या दिवशी स्वयंपाक नणंदेकडे असायचा. नणंद नवऱ्याहून थोरली, समोरच्याच खोलीत राहणारी, आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवून निवृत्त झालेली. सुई गेली, टोचणी राहिली, असं नवराच म्हणायचा. जुडी नणंदेच्या हातात देऊन मीटरबाई अंघोळीला गेली. ती आत आली तेव्हा नवरा ताटावर बसलाही होता आणि नणंद तव्यावरचं ऑम्लेट उलटत होती. आत हिरवी पात भरपूर.

“ये गं बाई. तुझ्या नणंदेची यादी वाढलीय, ऐक,” नणंद म्हणाली. “आधी गुडघे गेले, मग मोतीबिंदू, आता नाकही गेलं. एवढी लसूण चिरली, पण वासाचा पत्ता नाही.”

“मलाही काही लागत नाहीये,” नवरा घास चावत म्हणाला. “सर्दीची साथ आहे वाटतं.”

“तुझं नाक खळीने चिकटलंय. माझं काय ते सांग.”

मीटरबाई दारात उभी होती. तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या: ही लसूण नाही, आणि हे दोघं, ज्यांची नाकं धडधाकट आहेत, तिच्या नाकापुढे स्वतःचं नाक खोटं ठरवून बसलेत.

“थुंका,” ती म्हणाली.

“काय?”

“तोंडातलं थुंका म्हणते ना!”

तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. तो थुंकला. पण आधीचे तीन घास पोटात गेले होते. तिने ताट ओढलं, ओट्यावरची उरलेली जुडी उचलली आणि दोन पाती नणंदेच्या हातात कोंबल्या.

“ताई, चुरगाळा. वास घ्या. कसला येतोय?”

“मी सांगितलं ना, माझं नाक...”

“तुमचं नाक शाबूत आहे. घ्या.”

नणंदेने चुरगाळलं, हुंगलं. “गवताचा,” ती हळूच म्हणाली. “ओल्या गवताचा. दुसरा कसलाच नाही.”

“लिली आहे ही. माझं नाक गेलंय.”

“कधी?”

“थंडीत.”

“थंडीत? आणि आता पंखे लागलेत! अगं, सांगायचं नाहीस होय?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं.”

“झालं असतं तर झालं असतं! माझ्या भावाला फुलझाडं तरी खायला लागली नसती!”

भाऊ तोपर्यंत मोरीकडे धावला होता. आतून ओकारीचा आवाज आला. मग नणंदेने पदर खोचावा तसा आवाज खोचला. “मी याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेते. उरलेली पात बरोबर घेते, दाखवायला. तू कुणाकुणाला दिलीस?”

“दोघांना. पंपावर आणि आजींना.”

“मग उभी काय आहेस?”

तिने आधी फोन लावले. पंपाच्या धडधडीत फोन कधी ऐकू जात नसे. आजी तर घंटा वाजली तरी दुसऱ्याच्या घरची समजायच्या. कुणीच उचलला नाही. ती निघाली. दिवे लागायची वेळ होती. सव्वीस वर्षं ज्या गल्ल्यांतून ती सावकाश, एकेका झाकणाशी थांबत गेली होती, त्याच गल्ल्यांतून ती पहिल्यांदाच न थांबता जात होती. आणि पळताना तिला एकच हिशेब सुचत होता, की आजी किती वाजता जेवतात.

निळं फाटक उघडंच होतं. आजी टेबलापाशी बसल्या होत्या, पुढ्यात सूपचा वाडगा, वाफ निघत असलेला, हिरव्या पातीने भरलेला. शेजारी रेडिओ. बातम्या संपल्याशिवाय त्या चमचा उचलत नसत.

“खाल्लंत का?” मीटरबाई दारातूनच ओरडली.

“निवतंय. बस ना. आज या वेळी कशी?”

तिने वाडगा उचलून मोरीत ओतला, पातेलंही ओतलं. मग तिने सांगितलं. सगळं, मोठ्या आवाजात, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. त्यामुळे ती कबुली शेजारच्या दोन घरांनीही ऐकली.

“मला लसणीचा वास येत नव्हता, हे खरं,” आजी म्हणाल्या. “पण म्हटलं, मीटरबाईने हुंगून दिलंय, म्हणजे असणार.”

“मी हुंगलं नव्हतं, आजी. हुंगल्यासारखं केलं होतं.”

“मग ते दूध?”

“तेही तसंच.”

“अगं बाई! प्यायले की मी ते! दोन दिवस पोट धरून बसले होते. म्हटलं, दूध तर चांगलं होतं, मेल्या अंडेवाल्याने फसवलं. त्याच्याकडून घेणं बंद केलंय मी.”

अंडेवाल्यालाही सांगावं लागणार, एवढं मीटरबाईने मनाशी धरलं आणि ती पंपाकडे निघाली.

पंपघरात एकच बल्ब होता. पंपवाला स्टुलावर बसला होता. टेबलावर पेल्यात पाणी घालून जुडी उभी केली होती, फुलं नसलेल्या गुच्छासारखी.

“ती लसूण नाहीये,” ती धापा टाकत म्हणाली. “लिली आहे.”

“ठाऊक आहे. मीच लावलीय.”

“मग बोलला का नाहीत? मी हातात दिली तेव्हा!”

तो जरा ओशाळला. “वाटलं, तुम्ही रागावलात. मागच्या महिन्यात मी तुमच्या आकड्याला हसलो होतो ना, मासे धरता का म्हणून. म्हटलं, त्याचा राग काढला असेल. कापून हातात दिल्यात.”

“अहो, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी कुणाच्या बायकोची झाडं कापतं का?”

“तुम्ही कापलीत ना?”

हे खरंच होतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि तिने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दुसऱ्या वेळेपेक्षा कमी शब्द लागले. पंपवाल्याने ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, “कंद आहेत खाली. पात परत येईल.”

नवरा रात्रभर दवाखान्यात राहिला आणि सकाळी चालत घरी आला. पोट रिकामं, चेहरा उतरलेला, पण ठीक. डॉक्टरने सांगितलं होतं, थोडक्यात निभावलं, कंद पोटात गेले असते तर जड गेलं असतं. नणंदेने भात आणि मीठ पुढे ठेवलं. “यापुढे मी फक्त कोबी खाणार,” नवरा म्हणाला. “ज्याच्यावर दुकानदाराचा हात फिरलाय असा.” आणि पुढे कित्येक महिने त्याने ते पाळलं. मीटरबाईने पानावर काही वाढलं की तो आधी बहिणीच्या तोंडाकडे बघायचा. तिने मान डोलावली की खायचा. हे त्याने मुद्दाम केलं नव्हतं, म्हणून ते जास्त बोचायचं.

पुढच्या महिन्याच्या फेरीत तिने प्रत्येक मीटरपाशी सांगितलं. आधी आकडे उतरवले, झाकण लावलं, मग उभं राहून सांगितलं. “माझं नाक गेलंय. थंडीपासून. तेव्हापासूनचं मी जे दिलं ते डोळ्यांनी बघून दिलं. यापुढे काही घ्यायचं असेल तर वास तुम्ही घ्यायचा.” कुणी म्हणालं, असू दे, आमचं काही बिघडलं नाही. कुणी म्हणालं, नकोच मग, बाजारातून आणू. एका घरात तर बाईने आतूनच सांगितलं, “मीटर बघा आणि जा,” आणि दाराची कडी लावली. अंडेवाला म्हणाला, “म्हातारी मला तीन गल्ल्यांत बदनाम करून मोकळी झालीय, आता तुम्ही त्याच तीन गल्ल्यांत जाऊन सांगा.” तिने सांगितलं.

तिच्याकडून पाला घेणारी बारा घरं होती, त्यातली पाच राहिली.

त्या पाचांत गल्लीच्या टोकाला एक शिकवण्या घेणारी बाई होती. नवीनच राहायला आली होती, तिला पाला-झुडपातलं काही कळत नसे. तिच्या मागच्या भिंतीलगत पातळ पातीचा एक झुबका उगवला होता. मीटरबाईने वाकून तो निरखला. पात चपटी, रंग बरोबर, कंद लहान. डोळे म्हणत होते, लसूण. तिने एक पात तोडून बाईच्या हातात दिली.

“चुरगाळा आणि सांगा.”

बाईने चुरगाळली. नाकाशी धरली. मीटरबाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा नाकाशी धरली.

“येतोय. लसणीचा येतोय.”

“नक्की?”

“म्हणजे... येतोय असं वाटतंय.”

“वाटतंय म्हणजे काय? एक तर येतो, नाहीतर येत नाही.”

“तुम्ही इतक्या जवळ उभ्या आहात ना,” बाई ओशाळून हसली, “म्हणून कदाचित.”

मीटरबाईने आकडा खांद्याला अडकवला. ती अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत गेली, फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली आणि घराकडे पाठ केली.

“आता घ्या,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “नवी पात तोडा. मी इथे नाही असं समजा.”

रस्त्यावरून एक सायकल गेली.

“नाही हो!” मागून बाईचा आवाज आला. “काहीच येत नाहीये!”

“मग टाका,” मीटरबाई म्हणाली. वहीत शेजारच्या घराचं पान काढून ती तिथल्या मीटरपाशी गेली, आणि तिने झाकणावरची माती पायाने बाजूला सारली.